परसातला टोमॅटिलो: लावणीपासून हिरव्या रश्शापर्यंत

टोमॅटिलो म्हणजे कागदी टोपणात वाढणारं, टोमॅटोच्या कुळातलं हिरवं आंबट फळ. त्याचं एकच झाड लावलंत तर फुलं ढीगभर येतील आणि फळ जेमतेम एखादं. हे झाड स्वतःचे परागकण स्वीकारत नाही, त्याला दुसऱ्या झाडाचेच लागतात. त्यामुळे कमीत कमी दोन रोपं हवीत, आणि तीही वेगवेगळ्या बियांची. एकाच झाडाच्या दोन फांद्या रुजवून दोन झाडं केली तरी उपयोग नाही, कारण ती मुळात एकच असतात. चार माणसांच्या घराला तीन-चार रोपं पुरून उरतात. पावसाळ्यात बांधावर उगवणारी चिरबोटी त्याच गोतावळ्यातली, फळावर तसंच कागदी टोपण असलेली, पण परागासाठी तिच्या भरवशावर राहू नका.

झाड मेक्सिकोचं आहे. आपल्या पावसात ते टिकत नाही. जूनमध्ये लावलं तर मुळं पाण्यात, परागकण भिजलेले आणि मधमाश्या घराबाहेर पडत नाहीत, अशी सगळी बाजू उलटी. बी सर्वपित्री अमावास्येच्या सुमारास टाकावं, म्हणजे दिवाळीत रोपं लावणीला येतात. पहिलं फळ लावणीनंतर साधारण दोन ते अडीच महिन्यांनी मिळतं आणि थंडीभर तोडा चालतो. मार्च सरता सरता उकाडा वाढला की फुलं गळायला लागतात. त्यानंतर पाणी-खताचा मारा करून झाड ओढत नेण्यात अर्थ नाही.

बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. गाळलेलं शेणखत आणि नारळाच्या काथ्याचा भुसा सारख्या प्रमाणात घेतलात तर आठवडाभरात उगवतं. ट्रे पागोळीखाली ठेवू नका, परतीचा एक पाऊस सगळं वाहून नेतो. रोपं वीतभर उंच झाली, पाच-सहा पानं फुटली की लावा. लावताना खालची पानं खुडून खोड बोटभर जास्त मातीत गाडलं तरी चालतं, तिथूनही मुळं फुटतात.

आता जागा, आणि इथेच कोकणातली बहुतेक झाडं जातात. जिथे वांगी, मिरची, टोमॅटो किंवा बटाटा घेतला आहे, तिथे टोमॅटिलो लावू नका. आपल्या तांबड्या, आंबट मातीत जिवाणूजन्य मर रोग सर्रास असतो आणि तो या सगळ्या कुळाला धरतो. काल टवटवीत असलेलं झाड आज दुपारी हिरवंच्या हिरवं मान टाकतं, संध्याकाळी थोडं सावरतं आणि दोन-चार दिवसांत संपतं. पाणी कमी पडलं असं समजून आपण आणखी पाणी घालतो, आणि तेच पाणी रोग शेजारच्या झाडाकडे नेतं. खात्री करायची असेल तर बुंध्याजवळचं बोटभर खोड कापा आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात उभं धरा, हलवू नका. कापलेल्या तोंडातून दुधाळ पांढरे धागे खाली उतरताना दिसले की मर रोग नक्की. त्यावर औषध शोधत बसू नका. झाड मुळासकट उपटून जाळा, कोयता-खुरपं धुवा आणि त्या वाफ्यात पुढची काही वर्षं मका किंवा वालच घ्या. भात काढलेल्या खाचराच्या कडेला, पाणी साचत नसेल तिथे, हा त्रास कमी होतो.

मर रोगाची शंका असलेल्या परसात सरळ ग्रो बॅग वापरा. १८ इंच रुंद आणि तितकीच खोल घ्या, बारा इंचीत झाड खुरटतं. दोन भाग कधी भाजीपाला न घेतलेल्या जागेची माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग काथ्याचा भुसा आणि बॅगेमागे दोन मुठी निंबोळी पेंड. बॅगा जांभ्या दगडाच्या चिऱ्यांवर ठेवा, म्हणजे अंगणातलं पाणी खालून आत शिरत नाही.

जमिनीत लावणार असाल तर फूटभर खोल खड्डा, त्यात तीन-चार किलो शेणखत. माती फार आंबट असेल तर दर चौरस मीटरला दोन मुठी शेतीचा चुना, पण लावणीच्या तीन आठवडे आधी. चुना आणि शेणखत एकाच दिवशी मिसळू नका, खतातला नत्र हवेत उडून जातो. दोन रोपांत तीन फूट अंतर ठेवा. रोप लहान असताना हे अंतर उगाच वाटतं, पण झाड कमरेच्या वर जातं आणि तेवढंच आडवं पसरतं. तीन बांबू रोवून सुंभाने सैल बांधा. फांद्या पोकळ असतात, फळाच्या भाराने जमिनीवर आल्या की फळ सडतं. बुंध्याभोवती पातेऱ्याचा, म्हणजे वाळलेल्या पानांचा थर द्या. पाणी एक दिवसाआड दोन-तीन लिटर, सकाळी, बुंध्याशी. युरिया नको. पानांचा झाडोरा वाढतो आणि फूल मागे पडतं.

फुलं पिवळी, आत तपकिरी ठिपके. सातेरी आणि फुलोरी मधमाश्या सकाळी येतात, म्हणून फुलोऱ्यात कसलीही फवारणी करायचीच झाली तर सूर्य कलल्यावर. गच्चीवर माश्या येत नसतील तर मऊ ब्रशने एका झाडाच्या फुलावरून दुसऱ्याच्या फुलावर फिरवा. टोपण फुगलंय पण दाबल्यावर आत काहीच लागत नाही, असं वारंवार झालं तर परागीकरण अपुरं पडतंय असं समजा. पानं चाळणीसारखी खाणारे ठिपक्यांचे भुंगेरे हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. मावा आणि पांढऱ्या माशीसाठी लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून, गाळून फवारा.

तोडणीची खूण टोपणच सांगतं. फळ आतून टोपण ताणतं, टोपण हिरव्याचं फिकं होतं आणि खालून तडकतं. तेव्हा फळ हिरवं, टणक आणि आंबट असतं, स्वयंपाकाला हेच हवं. पिवळं पडू दिलंत तर आंबटपणा ओसरतो. अगदी कोवळी, टोपणात खुळखुळणारी फळं तोडू नका. पानं, खोड आणि टोपण खायचं नसतं. टोपणासकट कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवलीत तर दोन-तीन आठवडे राहतात. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरून बुरशी येते. जास्त झाली तर सोलून, धुऊन, कोरडी करून अख्खीच फ्रीझरमध्ये टाका.

सोलल्यावर फळ चिकट लागतं, ते खराब नाही. कोमट पाण्याने चोळून धुवा.

हिरव्या साल्साला, म्हणजे मेक्सिकन पद्धतीच्या भाजलेल्या चटणीला, अर्धा किलो फळं, तीन हिरव्या मिरच्या, अर्धा कांदा आणि सोलायच्या आधीच्या दोन लसूण पाकळ्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजा. फळांना दहा-बारा मिनिटं लागतात, मऊ होऊन रंग शेवाळी व्हायला हवा. लसूण सोला, मूठभर कोथिंबीर आणि चमचाभर मीठ घालून जाडसर वाटा. फ्रिजमध्ये हा साल्सा जेलीसारखा घट्ट होतो, कारण फळात पेक्टिन भरपूर. चमचाभर पाणी घालून ढवळलं की पुन्हा सैल.

घावण्यांबरोबर न भाजलेल्या फळांची चटणी जास्त चांगली लागते: पाच-सहा फळं, वाटीभर ओलं खोबरं, दोन मिरच्या, मीठ, चिमूटभर साखर. पाणी घालू नका, फळाचं सुटतं.

कोळंबीच्या रश्शासाठी वरचाच साल्सा दोन चमचे तेलात आठ मिनिटं परता, कच्चा वास गेला पाहिजे. वाटीभर पाणी, उकळी, मग पाव किलो सोललेली कोळंबी तीन-चार मिनिटं. शेवटी गॅस अगदी मंद करून अर्धी वाटी नारळाचं घट्ट दूध. उकळी आलीच तर आंबटाने दूध फुटतं. कोकम किंवा चिंच यात घालू नका, आंबट पुरेसं आहे, आणि तिरफळाचा वास या फळाला मारून टाकतो. बांगड्याला आपलं आमसूलच बरं. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमच्या टोपाला हे आंबट लागतं.

बियांसाठी पूर्ण पिकून खाली पडलेली फळं दोन-तीन झाडांची मिळून घ्या. पाण्यात कुस्करा, तळाशी बसलेलं बी धुवा, सावलीत ताटावर वाळवा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. पावसाळी हवेत बी लवकर ओलावा धरतं, तेव्हा बरणीत कापडाच्या पुरचुंडीत कोरडी राख ठेवा. दोन जाती शेजारी लावल्या असतील तर पुढच्या वर्षीची फळं सरमिसळ निघतात. जात शुद्ध हवी असेल तर एका हंगामात एकच लावा.