कोल्हापुरात पहिला प्लॉट घेताय? या चुका टाळा

पहिला प्लॉट बघायला बहुतेक जण एप्रिल-मे मध्ये जातात. जमीन टणक असते, रस्ता कोरडा असतो आणि एजंट शेजारच्या उसाकडे बोट दाखवून म्हणतो, "दोन वर्षांत इथं सगळी वस्ती." तीच जागा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जाऊन बघा. माझ्या मते कोल्हापुरात नवख्या माणसाची सगळ्यात महागडी चूक हीच : दर आधी विचारला, पाणी नंतर.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. चिखली-आंबेवाडी ही नदीकाठची गावं तर बुडालीच, पण शहरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरपर्यंत पाणी आलं. म्हणून गट नंबर घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा, हद्दीबाहेरचं गाव असेल तर कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणात जा आणि जागा पूररेषेत येते का ते बघा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचा विचारच सोडा. दोन्हींच्या मध्ये अटी असतात, त्या लेखी घ्या. आणि शेजारच्या घरातल्या आजोबांना एवढंच विचारा, "एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?" ते भिंतीला हात लावून दाखवतील.

विसार (आगाऊ रक्कम) दिल्यावर जागा निळ्या रेषेत आहे असं कळलं, तर पुढचा हप्ता थांबवा आणि वकिलाला गाठा. "सगळेच बांधतात हो" या शब्दावर एक रुपयाही पुढे सरकवू नका.

दुसरी अडचण कागदाची. माझ्या आतेभावानं पाचगावकडं दोन गुंठे ठरवले. ऑनलाईन सातबारा स्वच्छ होता, त्यानं दोन लाख विसार दिला. जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं कधी-कशी बदलली त्या नोंदी, मात्र काढले नाहीत. नंतर काढले तेव्हा कळलं, विकणाऱ्याचे वडील वारले तेव्हा वारस म्हणून फक्त मुलांची नावं लागली होती, दोन बहिणींची लागलीच नव्हती. एक बहीण गडहिंग्लजला, एक कर्नाटकात. दोघींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र व्हायला आठ महिने गेले, आणि तेवढे दिवस त्याची झोप उडाली. म्हणून निदान तीस वर्षांचे फेरफार आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट (जुन्या दस्तांची तपासणी) आधी, विसार नंतर. विसार पावतीतही लिहून घ्या : कागदात दोष निघाला तर पैसे किती दिवसांत परत.

सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' (विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन) किंवा देवस्थान इनाम (देवस्थानाला दिलेली जमीन) दिसलं तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार नको. सामाईक सातबाऱ्यावरचा गुंठा आधीच घेऊन बसला असाल, तर गुंठेवारी नियमितीकरण, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेले छोटे प्लॉट कायदेशीर करून घेणं, होतं का ते तपासा. ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला त्या कायद्याची दारं उघडी आहेत.

फ्लॅट घेताना चालू प्रकल्पाचा महारेरा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) क्रमांक स्वतः महारेराच्या वेबसाईटवर टाकून बघा. करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. बँकेनं कर्ज नाकारलं तर चिडून दुसऱ्या बँकेत धावू नका, कारण विचारा. बहुतेक वेळा त्यांच्या वकिलाला तुमच्याआधी दोष दिसलेला असतो.

आणि फ्लॅट भाड्यानं देणार असाल तर "अकरा महिन्यांचा करार नोंदवायला लागत नाही" हा समज डोक्यातून काढा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार (घर ठराविक मुदतीसाठी वापरायला देण्याचा करार) नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसताना वाद झाला, तर मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी धरल्या जातात.