कन्सल्टिंग की टेक? एमबीएच्या उन्हाळी इंटर्नशिपची निवड कशी करावी

जून-जुलैमध्ये दोन वर्षांच्या एमबीएला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला उन्हाळी इंटर्नशिप हा पुढच्या वर्षीचा विषय वाटतो. प्रत्यक्षात आयआयएम आणि त्या तोडीच्या बहुतेक संस्थांमध्ये, कॅम्पसवर जिला सगळे नुसते ‘समर्स’ म्हणतात त्या इंटर्नशिपच्या मुलाखती दिवाळीच्या आगेमागेच उरकतात आणि पुढच्या एप्रिल ते जूनमधल्या आठ-दहा आठवड्यांची जागा तेव्हाच ठरून जाते. सीव्ही त्याच्याही आधी पक्का करून प्लेसमेंट कमिटीकडे द्यावा लागतो. म्हणजे निवडीसाठी हातात जेमतेम तीन महिने असतात आणि त्याच तीन महिन्यांत अकाउंटिंग, संख्याशास्त्र, क्विझ आणि रात्री-बेरात्रीची ग्रुपची कामेही चालू असतात. या धबडग्यात अनेक जण शेजारच्या खोलीतला मुलगा ज्याची तयारी करतो त्याचीच तयारी करू लागतात. तसे होऊ नये म्हणून हा क्रम सुचवीत आहे. गेली काही वर्षे मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या सराव मुलाखती घेतो. पुढचे बरेचसे त्यातूनच आलेले आहे.

पहिली पायरी: ‘टेक’ म्हणजे नेमके काय, ते वेगळे काढा

कन्सल्टिंगचे काम बऱ्यापैकी एकसारखे असते. मॅकिन्झी असो, बीसीजी असो की बेन, इंटर्न एका चमूत बसतो, ग्राहक कंपनीच्या एका प्रश्नाचा एक तुकडा त्याच्याकडे येतो आणि आकडेमोड, मुलाखती व स्लाइड यांतून त्या तुकड्याचे उत्तर त्याला द्यायचे असते. ‘टेक’ या एका शब्दाखाली मात्र चार-पाच निराळ्या नोकऱ्या दडलेल्या आहेत. प्रॉडक्ट मॅनेजर ॲपमध्ये काय बांधायचे आणि काय बांधायचे नाही ते ठरवतो. प्रोग्राम मॅनेजर ते वेळेत पूर्ण करवून घेतो. ई-कॉमर्समधला कॅटेगरी मॅनेजर विक्रेते, किंमत आणि साठा यांचे गणित सांभाळतो. ऑपरेशन्समधला माणूस गोदामात उभा असतो. म्हणून कंपनीचे नाव वाचून अर्ज करू नका. जाहिरातीतले पद आणि त्याखालचे कामाचे वर्णन वाचा. फक्त प्रॉडक्टचेच काम हवे असलेल्या विद्यार्थ्याने मोठ्या नावाकडे पाहून कॅटेगरीची जागा घेतली, तर त्याचा उन्हाळा अपेक्षाभंगात जातो.

दुसरी पायरी: आपला सीव्ही परक्याच्या नजरेने वाचा

कन्सल्टिंगची शॉर्टलिस्ट मुख्यतः त्या एका पानावरून लागते. दहावी, बारावी आणि पदवीचे गुण, एखादे राष्ट्रीय पातळीवरचे यश, नेतृत्वाचा ठोस पुरावा: कॅम्पसच्या भाषेत ‘स्पाइक’. दहावीतले गुण आता बदलता येत नाहीत आणि हे अन्यायाचे वाटले तरी गाळणी अशीच लागते. प्रॉडक्टच्या जागांसाठी आधीचा कामाचा अनुभव, संगणकाशी असलेली ओळख आणि स्वतः काही बांधून पाहिल्याची खूण यांना अधिक वजन मिळते. सीव्ही कोणत्या बाजूला झुकतो ते दोन सीनियरना विचारा, पण तेवढ्यावरून निर्णय करू नका. हे फक्त दार किती उघडे आहे ते सांगते. आत काय आहे ते पुढच्या पायरीत कळते.

तिसरी पायरी: दोन्ही कामे हाताने करून पाहा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा, असे माझे ठाम मत आहे. ऑगस्टच्या एखाद्या रविवारी दोन तास काढा.

पहिल्या तासात मित्राला समोर बसवून एक केस, म्हणजे कंपनीची एखादी अडचण देऊन तिचे उत्तर काढायला लावणारा मुलाखतीतला प्रश्न, सोडवा. उदाहरणार्थ, कोल्हापूरकडच्या एका सहकारी दूध संघाचा नफा दोन वर्षांत निम्म्यावर आला आहे. कारण शोधा आणि उपाय सांगा. तुम्ही विचारल्याशिवाय मित्राने काहीही सांगायचे नाही. विकलेले लिटर कमी झाले की लिटरमागची शिल्लक? शिल्लक घटली असेल, तर शेतकऱ्याला दिलेला दर वाढला, की पुण्या-मुंबईला दूध पाठवण्याचा खर्च वाढला? गायीच्या आणि म्हशीच्या दुधाचे प्रमाण बदलले का? शेवटी कळते, की दूध जास्त येण्याच्या हंगामात उरलेल्या दुधाची पावडर केली गेली आणि नेमके पावडरचेच भाव पडले. 2018 साली महाराष्ट्रात पेटलेल्या दूधदर आंदोलनामागे हेही एक कारण होते, त्यामुळे ही केस काल्पनिक असली तरी हवेतली नाही. एकेक फांदी तपासत, नको त्या फांद्या छाटत मुळाशी पोहोचणे, आकडा तोंडी काढणे आणि शेवटी दोन मिनिटांत ठाम शिफारस करणे, हा कन्सल्टिंगच्या मुलाखतीचा आणि बऱ्याच अंशी कामाचाही गाभा आहे.

दुसऱ्या तासात एका ॲपचा प्रश्न घ्या. लोकलचे तिकीट मोबाइलवर काढण्याच्या यूटीएस ॲपमध्ये स्थानकाच्या अगदी जवळ किंवा गाडीत असताना तिकीट निघू नये अशी मर्यादा घातलेली होती. तिकीट तपासनीस दिसल्यावर घाईघाईने तिकीट काढण्याची पळवाट बंद राहावी, हा त्यामागचा हेतू. पण धावतपळत फलाटावर पोहोचलेल्या प्रामाणिक प्रवाशाने काय करावे? त्यासाठी स्थानकात क्यूआर कोड लावले गेले. आता हे तुमच्या हातात आहे असे समजा. कोड कुठे लावला तर गर्दीत दिसेल? स्कॅन करून तिकीट हातात येईपर्यंत किती सेकंद चालतील? सोय झाली हे कोणत्या आकड्यावरून ओळखाल, आणि फसवणूक वाढली हे कोणत्या? पहिल्या महिन्यात काय बांधाल, काय पुढे ढकलाल? एवढे लिहून काढा आणि खरोखर दादरला जाऊन पंधरा मिनिटे उभे राहून लोक काय करतात ते पाहा.

मग स्वतःला एकच गोष्ट विचारा: यांतले कोणते काम उद्या पुन्हा करावेसे वाटते? माझ्याकडे सरावाला येणारी एक विद्यार्थिनी केस उत्तम सोडवत असे, पण प्रत्येक केस संपली की विचारायची, “मग पुढे त्या कंपनीने केले का तसे?” उत्तर देऊन निघून जाणे तिला पटत नव्हते, त्या उत्तराचा परिणाम दिसेपर्यंत तिथेच थांबायचे होते. तिने प्रॉडक्टची तयारी केली. याउलट, तीन महिने एकाच पडद्यावरच्या एकाच बटणाचा विचार करायचा या कल्पनेनेच ज्यांना कंटाळा येतो, त्यांना दर काही महिन्यांनी नवा उद्योग दाखवणारे कन्सल्टिंग मानवते.

चौथी पायरी: सीनियरना नेमके प्रश्न विचारा

“कसा होता अनुभव?” असे विचारले की “खूप शिकायला मिळाले” असे उत्तर येते, आणि त्यातून हाती काही लागत नाही. त्याऐवजी पाचव्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळपासून रात्रीपर्यंत काय केले ते विचारा. शेवटी तयार झालेली वस्तू कोणती होती, तिचा वापर झाला का, झोप किती मिळाली, प्रवास किती झाला, हे विचारा. त्या वर्षी किती इंटर्न होते आणि त्यांपैकी किती जणांना पीपीओ, म्हणजे अंतिम नोकरीचा आगाऊ प्रस्ताव, मिळाला हेही विचारा. कन्सल्टिंग कंपन्या इंटर्नशिपकडे बहुधा भरतीचा पहिला टप्पा म्हणूनच पाहतात. टेक कंपनीत तुमचे काम उत्तम होऊनही त्या वर्षी जागाच मंजूर नसेल, तर प्रस्ताव येत नाही.

पाचवी पायरी: घरचे गणित मांडा

शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर सहा महिने ते वर्षभरात सुरू होतो, त्यामुळे नोकरीची शाश्वती हा विचार गौण नाही. मात्र एक बाजू सुरक्षित आणि दुसरी धोक्याची, असे समजू नका. जानेवारी 2023 मध्ये गूगलने जगभरातल्या सुमारे 12,000 आणि ॲमेझॉनने 18,000 हून अधिक नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी मार्चमध्ये सल्ला आणि आयटी सेवा दोन्ही देणाऱ्या ॲक्सेंचरने 19,000 जागांची कपात जाहीर केली. आई-वडिलांची प्रकृती, लग्न, राहण्याचे शहर यांचाही हिशेब आत्ताच करा. कन्सल्टिंगमध्ये आठवड्यातले तीन-चार दिवस ग्राहकाच्या गावी काढावे लागू शकतात.

सहावी पायरी: पसंतीक्रम आधीच कागदावर लिहा

भारतातल्या कॅम्पसवर दोन प्रस्ताव हातात धरून आठवडाभर विचार करण्याची मुभा बहुतेक ठिकाणी नसते. प्रस्ताव आला की विद्यार्थी सहसा प्रक्रियेतून बाहेर पडतो. आयआयएम अहमदाबादमध्ये कंपन्या गटागटाने येतात आणि हातात प्रस्ताव असतानाही पुढच्या गटातल्या आवडत्या कंपनीसाठी ‘ड्रीम’ अर्ज करता येतो. पण असे नियम संस्थेगणिक वेगळे असतात, म्हणून आपल्या प्लेसमेंट कमिटीचे नियम शब्दन् शब्द वाचा. कन्सल्टिंग कंपन्या सहसा अगदी सुरुवातीला येतात. तुमची पहिली पसंती टेक असेल आणि कन्सल्टिंगची शॉर्टलिस्ट लागली, तर काय करणार, याचे उत्तर मुलाखतीच्या खोलीबाहेर, टाय सारखा करताना सुचत नाही. ते सप्टेंबरमध्येच लिहून ठेवा आणि विश्वासातल्या एका मित्राला दाखवा.

अमेरिकेत एमबीए करणाऱ्यांचे वेळापत्रक निराळे असते. तिथे कन्सल्टिंगच्या मुलाखती हिवाळ्यात संपतात, तर अनेक टेक कंपन्या वसंतापर्यंत माणसे घेत राहतात. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी इंटर्नशिपपूर्वी विद्यापीठाकडून सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची, मंजुरी घ्यावी आणि आपला अभ्यासक्रम स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) मोडतो का तेही पाहावे, कारण त्यावर ओपीटीची, म्हणजे पदवीनंतर तिथे काम करण्याच्या परवानगीची, 24 महिन्यांची मुदतवाढ अवलंबून असते.

इंटर्नशिप सुरू झाल्यावर दर रविवारी रात्री अर्धे पान लिहा: या आठवड्यात वेळ कधी भुर्रकन गेला आणि कधी घड्याळाकडे पाहावे लागले. पीपीओ स्वीकारायचा की अंतिम प्लेसमेंटला बसायचे हे ठरवायची वेळ आली, की सीनियरच्या सल्ल्याआधी ती आठ-दहा अर्धी पाने वाचा.