ऑक्टोबरचा पिवळा इशारा आणि कापणीला आलेले सरद भात

गोव्यात जुलैत हवामान खात्याचा नारिंगी इशारा आला तरी भातशेतीला सहसा मोठा धोका नसतो. रोप कोवळे आणि लवचीक असते. शंभर मिलिमीटर पाऊस पडला तरी मेरेचे (शेताच्या बांधाचे) तोंड मोकळे असेल तर पाणी दोन दिवसांत ओसरते. ऑक्टोबरची गोष्ट वेगळी आहे. लोंब्या भरून वाकलेल्या असतात, ताट पिकून बुडाशी कमकुवत झालेले असते आणि दुपार कलली की सह्याद्रीकडून गडगडत ढग खाली उतरतात. अर्धा तास पाऊस आणि ताशी ४०-५० किलोमीटरचा वारा एवढ्याने उभे पीक लोळते. अशा दिवशी हवामान खात्याचा इशारा बहुतेक वेळा फक्त पिवळा असतो. म्हणून ज्यांचे सरद (पावसाळी) भात कापणीला आले आहे त्यांनी या महिन्यात पिवळ्या रंगालाही नारिंगीइतकेच महत्त्व द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रंगाच्या खाली लिहिलेले शब्द जास्त कामाचे असतात. ‘जोरदार’ म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, ‘अति जोरदार’ म्हणजे ११५.६ ते २०४.४ आणि त्यापुढचा ‘अत्यंत जोरदार’. हे २४ तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असे मोजतात. आपल्याकडे जमीन चौरस मीटरमध्ये मोजतात, त्यामुळे हिशेब सोपा आहे: ६५ मिलिमीटर पाऊस म्हणजे १००० चौरस मीटरच्या तुकड्यावर ६५ हजार लिटर पाणी. ते बाहेर जायला तुमच्या शेताला किती तोंडे आहेत, हे इशारा येण्याआधी बघून ठेवा. ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ जिल्ह्यातल्या चौथाईपेक्षा जास्त ठिकाणी पाऊस अपेक्षित नाही. साखळीला झोडपले आणि म्हापशाला ऊन पडले तर इशारा चुकला असे होत नाही. पाच दिवसांचा अंदाज कापणीचा दिवस ठरवण्यासाठी वापरावा आणि तीन तासांचा तात्काळ इशारा माणसे शेतातून बाहेर काढण्यासाठी. या दोन्हींची गल्लत झाली की कापलेले भात शेतात राहते. जुने गोवे येथील एला गावी असलेल्या किनारी कृषी संशोधन संस्थेची हवामान पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. कापणीची मजूर मंडळी किंवा यंत्र ठरवण्याआधी ती वाचावी.

आणखी एक खूण आहे. मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका असे सांगितले, की ते आपल्यासाठी नाही असे शेतकऱ्याने समजू नये. अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्याची ती खबर असू शकते. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस क्यार चक्रीवादळ गोव्याला न धडकता ओमानच्या दिशेने गेले, पण जाता जाता त्याने आणलेल्या पावसाने पिकलेली भातशेती झोपवली. वादळ किनाऱ्यावर यावेच लागते असे नाही.

आता कापणीबद्दल. लोंबीतले ८० ते ८५ टक्के दाणे पिवळे झाले आणि बुडाकडचे थोडे अजून हिरवट असले, की भात कापणीला आले. सगळे दाणे पिवळे होण्याची वाट पाहणे हीच सर्वात मोठी चूक. पाच दिवसांच्या अंदाजात गडगडाट दिसत असेल तर तीन-चार दिवस आधी कापल्याने होणारे नुकसान थोड्या कोंड्याचे असते, न कापल्याने होणारे सगळ्या दाण्याचे. ज्योती हे वाण आधी पिकते, जया मागून. खाजनातला (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीतला) कोरगुट ताटाने उंच असल्यामुळे वाऱ्यात लवकर लोळतो. तिन्ही असतील तर कोरगुट आणि ज्योतीकडे आधी लक्ष द्यावे. कापणीआधी आठ-दहा दिवस शेतातले पाणी पूर्ण सोडा. कापणी यंत्राला भक्कम जमीन लागते: टाच रोवून पाहा, टाचेचा खड्डा पाण्याने भरला तर यंत्र रुतणार. पट्ट्यांचे यंत्र चाकांच्या यंत्रापेक्षा ओल्या जमिनीत बरे चालते. लोळलेले पीक यंत्राने कापायचे झाल्यास ज्या बाजूला पडले आहे तिच्या उलट दिशेने आणि सावकाश कापावे. नाहीतर निम्मी कणसे जमिनीवर राहतात.

हाताने कापणाऱ्यांनी सकाळी तेवढेच कापावे जेवढे दुपारी दोनच्या आत झोडून होईल. पेंढ्या शेतात पसरून ‘उद्या मळू’ असे या महिन्यात करू नये. नाइलाज झाला तर मेरेवर फळ्या किंवा दगड टाकून त्यावर उडवी रचा, कणसे आत, बुडे बाहेर. वरची ताडपत्री उतार देऊन बांधा, कडा जमिनीपासून वीतभर वर ठेवा आणि भोवती पाणी जायला चर काढा. ओल्या पेंढ्यांवर ताडपत्री गच्च आवळली की आत वाफ धरते. दुसऱ्या दिवशी हात घातला तर पोळतो आणि तांदूळ पिवळा पडतो.

पीक लोळले तर पहिले काम पाणी काढण्याचे. दाणा अजून दुधाळ असेल आणि तुकडा लहान असेल तर चार-पाच चूड (ताटांचे झुबके) एकत्र उचलून त्यांच्याच पात्यांनी सैल बांधा. पिकलेल्या पिकाला हा उपाय करण्यात अर्थ नाही, त्यात दाणे गळतात. पिकलेले आणि ओले राहिलेले दाणे दोन-चार दिवसांत लोंबीतच कोंबारतात. कोंब दिसण्याआधी ५ टक्के मिठाचे पाणी फवारल्यास हे थोपवता येते: एक लिटरला ५० ग्रॅम साधे मीठ, म्हणजे १६ लिटरच्या पाठीवरच्या पंपाला ८०० ग्रॅम. १००० चौरस मीटरला साधारण ५० लिटर द्रावण लागते, मीठ अडीच किलो. पाऊस थांबल्यावर फक्त लोंब्यांवर फवारा. कोंब बाहेर आल्यावर उपयोग नाही, आणि बियाण्यासाठी ठेवायच्या भातावर हे करू नये. फवारणीनंतर पंप आणि नोझल गोड्या पाण्याने दोनदा धुवा, नाहीतर मीठ धातू खाते.

झोडलेले भात तीन-चार सेंटिमीटरपेक्षा जाड थरात पसरू नये आणि तासाला एकदा पायाने किंवा दांडीच्या फावड्याने परतावे. साठवणीला ओलावा १४ टक्क्यांपर्यंत यायला हवा. मापक नसेल तर दाणा दातांखाली धरा: कट्ट आवाज करून तुटला तर वाळला, चेपला तर नाही. ऊन नसेल तर छपराखाली पातळ थर करून पंखा लावा. भिजलेले पण कोंब न आलेले भात उकड्यासाठी वापरता येते. तांदूळ फुटण्याचे प्रमाण त्याने कमी होते.

खाजनातल्या शेतकऱ्यांनी आकाशाबरोबर भरतीची वेळही बघावी. जोरदार पाऊस आणि अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती एकाच वेळी आली की मानशीची (बांधातल्या पाणी सोडण्याच्या मोरीची) दारे मिटलेली राहतात आणि आतले पाणी बाहेर जात नाही. म्हणून इशारा मिळताच त्याआधीच्या ओहोटीला मानस मोकळी करून पोय (बांधाच्या आतला पाणी साठण्याचा डोह) जितकी रिकामी करता येईल तितकी करावी. दारात अडकलेली फांदी किंवा प्लास्टिकची पिशवी हाताने काढावी. एवढ्याशा फटीतून भरतीला खारे पाणी आत शिरते. बांधावर कुर्ल्यांची बिळे दिसली तर चिखल आणि पेंढा कुटून ती तेव्हाच बुजवा. फुटका बांध बहुधा अशाच बोटभर बिळापासून सुरू होतो.

कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) पोफळीवर पाऊस लांबला असेल तर कोळेरोगासाठी (सुपारी कुजून गळण्याच्या रोगासाठी) १ टक्का बोर्डो मिश्रणाची तिसरी फवारणी घ्यावी, तीही कोरड्या दिवशी. एक किलो मोरचूद ५० लिटरमध्ये, एक किलो चुना ५० लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगळे विरघळवून एकत्र करा. त्यात बुडवलेल्या लोखंडी सुरीवर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

वीज हा माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. लखलखाट आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे: विळा खाली ठेवा आणि पक्क्या घरात जा. मांगरात (शेतातल्या झोपडीत) किंवा माडाखाली उभे राहणे सुरक्षित नाही. पाण्यात उभे राहून पेंढ्या उचलणे त्याहून वाईट. पाडेलीला (नारळ पाडणाऱ्याला) या वेळी माडावर चढवू नका, सुपारीची धातूची काठीही वर धरू नका. गुरे तारेच्या कुंपणापासून सोडवा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर येऊ नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजा दाखवते. ते मजुरांच्या मुकादमाच्या फोनवर असलेले बरे.

नुकसान झालेच तर आवरायच्या आधी फोटो काढा: एक संपूर्ण शेताचा, एक लोळलेल्या लोंब्यांचा जवळून, तारीख दिसेल असा. सर्व्हे क्रमांक आणि कृषी कार्ड हाताशी ठेवून विभागीय कृषी कार्यालयात शेतकरी आधार निधीसाठी अर्ज करा. पीक विमा उतरवला असेल तर ७२ तासांच्या आत १४४४७ या क्रमांकावर कळवा. कापून वाळत ठेवलेले भात अवकाळी पावसाने भिजले तर कापणीपासून १४ दिवसांपर्यंत विमा लागू असू शकतो, हे अनेकांना ठाऊक नसते. पाहणीआधी पेंढा जाळू किंवा उचलू नये.