"सेक्शन एट चालत नाही" असं लँडलॉर्ड म्हणाला तर काय करायचं, न्यू जर्सीवाल्यांसाठी

सेक्शन एट म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांना भाडं भरायला मिळणारं सरकारी व्हाउचर. न्यू जर्सीत भाड्याचं घर शोधताना "आम्ही सेक्शन एट घेत नाही" हे इतकं सर्रास ऐकायला मिळतं की लोकांना वाटतं हा मालकाचा हक्कच आहे, घर त्याचं मर्जी त्याची. तसं नाहीये. इथल्या लॉ अगेन्स्ट डिस्क्रिमिनेशनमध्ये, ज्याला सगळे एलएडी म्हणतात, २००२ पासून स्पष्ट आहे की भाडं भरायला वापरता ते उत्पन्न कायदेशीर असेल तर ते कुठून येतं यावरून घर नाकारता येत नाही. पगार असो, व्हाउचर असो, सरकारी मदत असो की घटस्फोटानंतर येणारी पोटगी.

आपल्या लोकांमध्ये हा विषय दबक्या आवाजातच निघतो. सगळ्यांना वाटतं आपण म्हणजे आयटी, एडिसनमध्ये घर, टेस्ला. पण मुलांच्या मागे आलेले आणि मग सिटिझन झालेले आजी-आजोबा एसएसआयवर (कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारी सरकारी मदत) असतात, नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई चाइल्ड सपोर्ट आणि पार्टटाइम नोकरीवर दोन मुलं सांभाळत असते, कोणाची नोकरी गेलेली असते आणि अनएम्प्लॉयमेंट चालू असतं. या सगळ्यांना हा कायदा लागू होतो, फक्त व्हाउचरवाल्यांना नाही, आणि कोणाचं इमिग्रेशन स्टेटस काय आहे यावर तो अवलंबून नाही.

आधी समजून घ्या की "नाही" हे नेहमी सरळ तोंडावर येत नाही. जाहिरातीत "नो प्रोग्रॅम्स" (म्हणजे सरकारी मदतीवाले नकोत) किंवा "वर्किंग प्रोफेशनल्स ओन्ली" लिहिलेलं असतं, एजंट म्हणतो पे स्टब (पगाराची पावती) नसेल तर अर्ज पुढे जाणार नाही, किंवा फोनवर घर रिकामं असतं आणि तुम्ही व्हाउचरचा उल्लेख केला की अचानक "कालच गेलं हो". काही जण तर "आमच्या बिल्डिंगला इन्स्पेक्शन नकोय, फार पेपरवर्क असतं" असं अगदी गोड बोलून सांगतात. हे पेपरवर्कचं कारण न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्येच उडवून लावलंय, फ्रँकलिन टॉवर वन नावाच्या केसमध्ये. त्यात भाडेकरू आधीपासून तिथे राहत होती, नंतर तिला व्हाउचर मिळालं, मालकाने ते घ्यायला नकार दिला, सरकारी भानगडीत पडायचं नाही म्हणून. कोर्ट म्हणालं हे कारण चालणार नाही. म्हणजे तुम्ही आधीच भाड्याने राहताय आणि मग व्हाउचर मिळालं तरीही मालकाला ते नाकारता येत नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

दुसरी युक्ती जास्त चलाख असते, उत्पन्नाच्या अटीची. "भाड्याच्या तिप्पट इनकम पाहिजे" हे सगळीकडे असतं. समजा भाडं २००० डॉलर आहे. मालक म्हणतो महिन्याला ६००० दाखवा. पण व्हाउचरमध्ये तुम्ही साधारण तुमच्या ॲडजस्टेड (म्हणजे ठरलेल्या वजावटी काढून उरलेल्या) उत्पन्नाच्या ३० टक्के भरता आणि उरलेलं हाउसिंग ऑथॉरिटी, म्हणजे व्हाउचर देणारी सरकारी संस्था, थेट मालकाला देते. तुमचं ते उत्पन्न २००० असेल तर तुमचा वाटा झाला ६००. न्यू जर्सीत ही तिप्पटची अट फक्त तुमच्या वाट्यावर लावायची असते, म्हणजे ६०० च्या तिप्पट १८००, आणि तुमच्याकडे २००० आहेत, म्हणजे तुम्ही पास. हा हिशोब एका कागदावर लिहून अर्जासोबतच द्या. खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी अडलेलं काम इथेच मार्गी लागतं कारण लीजिंग ऑफिसमध्ये बसलेल्या मुलीला कॉम्प्युटरने "डिनाइड" दाखवलेलं असतं, तिला नियम माहीत नसतो आणि कोणी सांगितला तर ती मॅनेजरला विचारते.

आता मुख्य गोष्ट. तक्रार करायची की नाही हे नंतर ठरवा, आधी नकार लिखित स्वरूपात मिळवा. फोनवर कोणी "व्हाउचर चालत नाही" म्हणालं की फोन ठेवल्यावर लगेच टेक्स्ट किंवा ईमेल टाका, इंग्रजीत, साधं सरळ: आज अमुक वाजता आपलं बोलणं झालं, अमुक पत्त्यावरच्या दोन बेडरूमबद्दल, तुम्ही म्हणालात की व्हाउचर घेत नाही, मी बरोबर समजले ना? उत्तर आलं तर पुरावा आणि नाही आलं तरी तारखेसकट तुमची नोंद झाली. जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढा, त्यात तारीख आणि लिंक दिसली पाहिजे, कारण तक्रारीचा वास लागला की जाहिरात पहिली गायब होते. न्यू जर्सीत तुम्ही स्वतः बोलताय तो फोन रेकॉर्ड करायला समोरच्याची परवानगी लागत नाही. कॅलिफोर्नियात मात्र लागते, तेव्हा तिकडच्या चुलतभावाला हा सल्ला आंधळेपणाने फॉरवर्ड करू नका.

एक वहीच ठेवा ना. कोणाशी बोललात, नाव काय, कधी, भाडं किती सांगितलं, शब्द काय वापरले. नंतर आठवून लिहिलेलं आणि त्याच दिवशी लिहिलेलं यात तपास करणाऱ्याला फरक लगेच कळतो.

मग दुसरा मेसेज, थोडा ठाम. रागावून नाही. न्यू जर्सी लॉ अगेन्स्ट डिस्क्रिमिनेशनखाली सोर्स ऑफ लॉफुल इनकमवरून नाकारणं बेकायदेशीर आहे, मला हे घर अजून हवंय, माझा अर्ज बाकीच्यांसारखाच तपासावा, आणि अमुक तारखेपर्यंत कळवावं. एवढंच. "तुमच्यावर केस टाकते" वगैरे लिहायची काही गरज नाही, कायद्याचं नाव पुरतं. पहिल्या उल्लंघनालाच १०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो हे मोठ्या मॅनेजमेंट कंपन्यांच्या वकिलांना चांगलं ठाऊक असतं.

हे सगळं पटापट करायचं कारण म्हणजे व्हाउचरचं घड्याळ. व्हाउचर हातात आल्यावर घर शोधायला कमीत कमी ६० दिवस मिळतात, पुढे वाढवून द्यायचं की नाही ते हाउसिंग ऑथॉरिटीवर असतं. म्हणून ज्या दिवशी नकार मिळाला त्याच आठवड्यात ऑथॉरिटीच्या केसवर्करला लिहा, नकाराचे स्क्रीनशॉट जोडा आणि एक्स्टेंशन मागा. घरात कोणी अपंग किंवा आजारी असेल आणि त्यामुळे शोधायला वेळ लागत असेल तर "रीझनेबल अकोमोडेशन" हे शब्द वापरूनच मागा, त्या शब्दांना कायद्यात वजन आहे. आणि कोणी मालक तयार झाला, त्याने टेनन्सी अप्रूव्हलचा फॉर्म भरून दिला, की तो जमा केल्यापासून निर्णय येईपर्यंत घड्याळ थांबतं. त्यामुळे तो फॉर्म मालकाच्या टेबलावर पडून राहू देऊ नका, जाऊन घेऊन या.

तक्रार कुठे करायची? डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्स, हे राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या हाताखाली येतं. फी नाही, वकील लागत नाही, एनजेबायस नावाच्या पोर्टलवर ऑनलाइन सुरुवात करता येते. घटना घडल्यापासून १८० दिवसांच्या आत करायची, हे कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. कोर्टात जायचं असेल तर सुपीरियर कोर्टात २ वर्षं असतात पण तिथे मग वकील, खर्च, सगळं आलंच. डिव्हिजनकडे गेलात की आधी तुमची मुलाखत होते, मग मालकाला नोटीस जाते आणि बऱ्याचदा मेडिएशनचा, म्हणजे मध्यस्थामार्फत तडजोडीचा, पर्याय देतात. मेडिएशनला घाबरू नका, त्यात घर किंवा नुकसानभरपाई किंवा दोन्ही मागता येतं, आणि कंपनीने आपली पॉलिसी बदलावी असंही मागता येतं. पण वेळ लागतो, हे आधीच सांगते. तक्रारीच्या भरवशावर घर शोधणं थांबवू नका.

वकील परवडत नसेल तर लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सीची हॉटलाइन आहे, उत्पन्न कमी असेल तर सल्ला फुकट. हॅकेनसॅकला फेअर हाउसिंग कौन्सिल ऑफ नॉर्दर्न न्यू जर्सी आहे, अशा संस्था टेस्टिंग करतात, म्हणजे त्यांचा माणूस भाडेकरू बनून त्याच घरासाठी फोन करतो, व्हाउचर न सांगता, आणि मग बघतात उत्तर बदलतं का. "कालच गेलं हो" वाल्यांची पंचाईत इथे होते.

तक्रार केली म्हणून सध्याचा मालक त्रास देईल, भाडं वाढवेल, अशी भीती असते. बदला घेणं हे एलएडीखाली वेगळं उल्लंघन धरलं जातं, तसं काही झालं तर तेही लगेच नोंदवा. तसंच व्हाउचरवाल्याकडून तीन महिन्यांचं डिपॉझिट मागणं वगैरे चालत नाही, डिपॉझिटची मर्यादा इथे एरवी दीड महिन्याच्या भाड्याइतकी आहे.

आता मालकाला काय करता येतं तेही बघा, नाहीतर नुसतंच भांडण होईल. तो तुमचा भाड्याचा जुना इतिहास बघू शकतो, क्रेडिट बघू शकतो, पण सगळ्यांना एकच माप लावून. घराचं भाडं व्हाउचरच्या मर्यादेत बसत नसेल तर ऑथॉरिटीच मंजुरी देणार नाही, पहिल्यांदा घर घेताना तुमचा वाटा ॲडजस्टेड उत्पन्नाच्या ४० टक्क्यांवर जाऊ शकत नाही, यात मालकाचा दोष नाही. आणि एक मोठी सूट: दोन कुटुंबांचं घर, एका भागात मालक स्वतः राहतो आणि दुसरा भाड्याने देतो, तिथे हा नियम लागू नाही. स्वतः राहत असलेल्या घरातली एखादी खोली देतानाही नाही. जर्सी सिटीत अशी टू फॅमिली घरं भरपूर आहेत, त्यामुळे तक्रारीआधी मालक तिथेच राहतो का हे विचारून घ्या.

आपल्यातलेच बरेच जण आता मालक आहेत, म्हणून त्यांच्यासाठीही दोन ओळी. टाउनहाउस इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतलं, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं "आयटी फॅमिली प्रिफर्ड, महाराष्ट्रियन असल्यास उत्तम". वाटतं आपलाच ग्रुप, कोण बघतंय. पण ही जाहिरातच आहे, आणि यातला दुसरा अर्धा तर १९६८ च्या फेडरल फेअर हाउसिंग ॲक्टमध्येच अडकतो. पे स्टबचा हट्ट सोडा, त्याऐवजी "उत्पन्नाचा पुरावा" मागा, मग त्यात सोशल सिक्युरिटीचं पत्र किंवा कोर्टाची सपोर्ट ऑर्डर पण आली. आणि ऑथॉरिटीचा वाटा महिन्याच्या महिन्याला थेट तुमच्या खात्यात येतो, हे तर आयटीवाल्याच्या लेऑफपेक्षा बरंच म्हणायचं.

दुसऱ्या राज्यात असाल तर तिथलं आधी तपासा, कारण त्या फेडरल कायद्यात उत्पन्नाचा स्रोत हा मुद्दा नाहीच, सगळं राज्यावर आणि शहरावर आहे. न्यूयॉर्क राज्याने असा नियम २०१९ मध्ये आणला, न्यूयॉर्क शहरात तर तो २००८ पासूनच होता. कॅलिफोर्नियात व्हाउचर २०२० पासून धरलं जातं आणि २०२४ पासून व्हाउचरवाल्याला क्रेडिट स्कोअरऐवजी भाडं भरू शकतो याचा दुसरा पुरावा द्यायची मुभा आहे. इलिनॉयमध्ये २०२३ पासून. टेक्सासचं मात्र उलटं, ऑस्टिनने २०१४ मध्ये व्हाउचरवाल्यांसाठी नियम केला आणि २०१५ मध्ये राज्याने शहरांना असा नियम करायलाच बंदी घातली, त्यामुळे डॅलस-ह्यूस्टनवाल्यांनी हाउसिंग ऑथॉरिटीकडून व्हाउचर घेणाऱ्या मालकांची यादी मागून तिथूनच सुरुवात केलेली बरी.