लहान मुलांना घेऊन मॉरिशसला: आधी किनारा ठरवा, मग हॉटेल

मॉरिशसचं बुकिंग करताना बहुतेक जण हॉटेलचे फोटो बघून ठरवतात. बरोबर पाच वर्षांखालचं मूल असेल तर सुरुवात वाऱ्यापासून करा. वाऱ्यावरून किनारा ठरतो आणि किनाऱ्यावरून हॉटेल.

बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे. मोठ्या लाटा त्या भिंतीवरच फुटतात आणि आत उरतं ते उथळ, संथ पाणी, म्हणजे लगून. भरती-ओहोटीतला फरकही जेमतेम अर्धा मीटर, त्यामुळे आपल्या कोकणासारखा समुद्र सकाळी पायाशी आणि दुपारी लांब असा प्रकार होत नाही. लहान मुलांसाठी हे बेट निवडायचं खरं कारण हेच.

महिना आणि बाजू

ऋतू आपल्या उलटे. जून ते सप्टेंबर तिथे हिवाळा असतो आणि आग्नेयेकडून सतत वारा वाहतो. तेव्हा पूर्वेचा बेल मार किनारा फोटोत कितीही देखणा असला, तरी ओल्या अंगाचं मूल तिथे दहा मिनिटांत कुडकुडायला लागतं. त्या काळात पश्चिम किंवा वायव्य किनारा घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत उकाडा, पाऊस आणि चक्रीवादळांची शक्यता असते. दिवाळीची सुट्टी सगळ्यात सोयीची: पाऊस कमी, वारा मंदावलेला, पाणी कोमट होत आलेलं. मे महिनाही चांगला, फक्त सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो आणि लगेच अंधार पडतो.

वायव्येला त्रू ओ बिश आणि माँ श्वाझी हे लहान मुलांसाठी पहिल्या पसंतीचे किनारे. वाळू मऊ, उतार हळूहळू आणि मागे सावली. माँ श्वाझीला ही सावली आपल्या ओळखीच्या सुरूची आहे. म्हणजे खाली सुरूची बोंडंही असणार आणि ती अनवाणी पायाला चांगलीच टोचतात. चटई झाडाखाली टाका, पण पाण्यापर्यंत चपला घालूनच जा. पश्चिमेचा फ्लिक आँ फ्लाक लांबलचक आहे, पण तिथे पाण्यात मधूनमधून प्रवाळाचे तुकडे लागतात.

दोन ठिकाणी मुलांना पाण्यात उतरवू नका. दक्षिणेच्या ग्री ग्रीला प्रवाळाची भिंतच नाही, तिथे समुद्र थेट कड्यावर आदळतो. ते ठिकाण फक्त लांबून बघायचं. दुसरी जागा म्हणजे भिंतीला पडलेली खिंड. लगूनमध्ये भरलेलं पाणी तिथूनच बाहेर धावतं, म्हणून ओढ जोरात असते. ओळखायची खूण अशी: दूरवर फेसाची पांढरी रेघ दिसते, ती जिथे तुटते आणि पाणी एकदम गडद निळं होतं, ती खिंड. त्या बाजूला हवा भरलेली खेळणी नेऊ नका.

कागदपत्रं

भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे दाखवावे लागतात. प्रत्येक मुलाला, तान्ह्या बाळालाही, स्वतःचा पासपोर्ट हवा. पासपोर्टच्या अर्जासोबत आई-वडील दोघांच्या सह्यांचं परिशिष्ट ड (Annexure D, पालकांच्या संमतीचा नमुना) लागतं आणि चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो बरोबर न्यावा लागतो. दोन पालकांपैकी एकच जाणार असेल, तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र जवळ ठेवा. मूल प्रवासातच दोन वर्षांचं होणार असेल, तर परतीला त्याला वेगळी सीट घ्यावी लागते. हे तिकीट काढतानाच सांगा.

विमान आणि घड्याळ

मुंबईहून थेट विमानाला सुमारे सहा तास लागतात. विमान खाली उतरायला लागतं तेव्हा, म्हणजे साधारण शेवटच्या अर्ध्या तासात, मुलाला जागं करून पाणी किंवा दूध पाजा. गिळताना कानातला दाब मोकळा होतो. झोपलेलं मूल गिळत नाही, म्हणून ते कानदुखीने रडत उठतं.

मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. मुलांचं घड्याळ मुळीच बदलू नका. पुण्यात सातला उठणारं मूल तिथे साडेपाचला उठेल आणि साडेसातला पेंगेल. सकाळी सातला ऊन कोवळं आणि किनारा रिकामा असतो, म्हणजे ही सोयच झाली. अडचण रात्रीच्या जेवणाची: हॉटेलचा बुफे सातच्या सुमारास लागतो, तेव्हा मुलाच्या लेखी साडेआठ वाजलेले असतात. म्हणून छोटं स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. तांदूळ, मसूर, दही तिथल्या सुपरमार्केटात मिळतं. कुकर नसला तरी पातेल्यात मऊ खिचडी होते. ताजी फळं, भाज्या, बिया घरून नेऊ नका, विमानतळावर काढून घेतील.

बाहेर खायचं तर रस्त्यावरची डाळपुरी. आपल्या पुरणपोळीची गूळ न घातलेली बहीणच म्हणा. विक्रेता त्यात मिरचीची चटणी भरायच्या आत ‘सां पिमां’ म्हणा, म्हणजे बिनमिरचीची. कोकणातून दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तिथे आहेत आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. पण व्यवहारात क्रिओल (फ्रेंचवर आधारलेली तिथली बोली) आणि फ्रेंचच कानावर पडेल.

समुद्रावरचा दिवस

सकाळी सात ते दहा आणि दुपारी साडेतीननंतर. मधला वेळ जेवण आणि झोपेचा. झोप मोडून काढलेली बोटीची सहल बहुधा रडारडीतच संपते.

सनस्क्रीनमध्ये चूक होते ती मोजमापात. चार वर्षांच्या मुलाच्या पूर्ण अंगाला साधारण तीन चहाचे चमचे लागतात. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घातला तर निम्म्यात भागतं. पाण्यात जायच्या वीस मिनिटं आधी लावा, मग दर दोन तासांनी आणि अंग पुसल्यावर पुन्हा. म्हणजे शर्ट घातला तरी दोन मुलांना आठवड्याला ३०० मिलीच्या आसपास लागतं. सहा महिन्यांखालच्या बाळाला सावलीतच ठेवा.

पोहण्याचे कपडे भगवे किंवा भडक गुलाबी घ्या. निळा कपडा पाण्याखाली दिसेनासा होतो. दंडावरचे फुगे ही खेळणी आहेत, ते निसटतात. मांड्यांमधून पट्टा जाणारं लाइफ जॅकेट घ्या आणि गुडघाभर पाण्यातही मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, मोबाइल पिशवीत ठेवून.

रबरी तळाचे पाण्यातले बूट सगळ्यांना घ्या. समुद्री साळूचे काटे तर असतातच, पण खडकासारखा निश्चल पडून राहणारा स्टोनफिश हा विषारी मासा जास्त वाईट. त्याचा काटा लागला की असह्य कळ येते. पाय ४५ अंशांपर्यंतच्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, कारण उष्णतेने ते विष निकामी होतं. पाणी आधी स्वतःच्या हाताने बघा. कळवळणाऱ्या मुलाला पाय भाजतोय हे सांगता येत नाही. जोडीला ११४ वर रुग्णवाहिका बोलवा.

औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ वेष्टनात न्या. औषधांच्या बाबतीत तिथलं कस्टम कडक आहे. ओआरएसचं पाकीट किती पाण्यासाठी आहे ते वाचून घ्या. एक लिटरचं पाकीट छोट्या बाटलीत कालवलं की मीठ जास्त होतं आणि जुलाब झालेल्या मुलाला ते अपायकारक ठरतं. डेंगी असतो, म्हणून मच्छर पळवणारं मलम संध्याकाळपुरतंच न ठेवता दिवसाही लावा.

वारा सुटला तर

एखाददुसरा दिवस असा येतोच. पाम्प्लमूसचं वनस्पती उद्यान बाबागाडीला सोयीचं आहे. परातीएवढी कमळाची पानं मुलं बघत राहतात. दक्षिणेला ला व्हॅनिल या प्राणी उद्यानात अवाढव्य कासवांना हात लावता येतो. पहाटेची डॉल्फिनची स्पीडबोट मात्र तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी नाहीच.

विमानतळ आग्नेयेला आणि त्रू ओ बिश दुसऱ्या टोकाला, गाडीने तासाहून जास्त. परतीचं विमान सकाळचं असेल तर शेवटची रात्र ब्लू बेला काढा, तिथून विमानतळ पंधरा मिनिटांवर आहे. गाडी ठरवताना मुलाची सीट आधी मागा. न सांगता ती येईलच असं नाही. आणि बॅगा भरण्यापूर्वी मुलांचे खिसे उलटे करून बघा. त्यात प्रवाळाचे तुकडे निघण्याची दाट शक्यता असते आणि ते देशाबाहेर नेता येत नाहीत.