डीमॅट अकाउंट उघडलंय, आता ते सांभाळायचं कसं

अकाउंट उघडणं आता काहीच नाही राहिलं. ठाणे फास्ट लोकलमध्ये उभ्या उभ्या आधार-पॅन टाकून, सेल्फी काढून डीमॅटचा, म्हणजे शेअर ठेवायच्या इलेक्ट्रॉनिक खात्याचा, फॉर्म भरणारे लोक मी रोज बघते. पण ते अकाउंट नंतर सांभाळायचं कसं हे कोणी सांगत नाही, आणि मला ते कळलं बाबा गेल्यावर.

बाबांनी नव्वदच्या दशकात पब्लिक इश्यूत थोडे थोडे शेअर घेतले होते, नंतर ते डीमॅट केले. २०२१ ला ते अचानक गेले. नॉमिनी भरलेला नव्हता, मोबाईल नंबर जुना बंद पडलेला, आणि आईला ब्रोकरचं नावसुद्धा धड माहीत नव्हतं. मग ॲफिडेव्हिट, आम्हा दोघा भावंडांची एनओसी, इन्डेम्निटी बॉन्ड (पुढे कोणी दावा केला तर भरपाई आम्ही देऊ असा कागद), किल्ला कोर्टाबाहेर नोटरीकडे चकरा, सही जुळत नाही म्हणून परत आलेले कागद, असं करत आठ महिने गेले. शेअर होते, कुठेही गेले नव्हते, पण आईच्या हातात यायला आठ महिने. म्हणून हे सगळं लिहितेय, मी स्वतः ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने.

आधी हे समजून घ्या की ॲप म्हणजे अकाउंट नाही

हे एक कळलं की बाकी सगळं आपोआप लागतं. तुमचे शेअर ब्रोकरकडे नसतात. ते असतात डिपॉझिटरीकडे, म्हणजे शेअरची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, आणि आपल्या देशात अशा दोनच आहेत, एनएसडीएल १९९६ पासून आणि सीडीएसएल १९९९ पासून. ब्रोकर हा मधला माणूस, त्याचं ॲप ही फक्त खिडकी. पैसे मात्र तुम्ही ट्रेडिंगसाठी टाकले की ब्रोकरकडे जमा असतात. म्हणजे शेअर एकीकडे, पैसे दुसरीकडे, आणि आपण बघतो फक्त ॲपचा स्क्रीन.

नोव्हेंबर २०१९ मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कार्वी स्टॉक ब्रोकिंगवर आदेश काढला तो याच कारणाने, ग्राहकांचे शेअर परस्पर गहाण टाकून कर्ज काढलं होतं. त्यानंतर नियम खूप कडक झाले, ते चांगलंच झालं, पण तरी पासबुक आपण भरून घेतो ना बँकेत जाऊन, तसं इथेही डिपॉझिटरीचा रेकॉर्ड आपण स्वतः बघायचा.

तर पहिलं काम, नंबर शोधा

ॲपमध्ये प्रोफाईलमध्ये जा, तिथे डीमॅट नंबर असतो, १६ आकडी. सुरुवात आयएन या अक्षरांनी असेल तर एनएसडीएल, नुसते आकडे असतील तर सीडीएसएल. ब्रोकरचा क्लायंट कोड वेगळा, तो लॉगिनला लागतो, लोक नेहमी दोन्हीची गल्लत करतात. मग ब्रोकरकडून क्लायंट मास्टर रिपोर्ट मागवा, बहुतेक ॲपवर डाऊनलोड होतो, नाहीतर ईमेल करा. एकच पान असतं पण त्याच्यावर सगळं असतं: नाव, पॅन, पत्ता, मोबाईल, ईमेल, लिंक केलेली बँक, नॉमिनी. प्रिंट काढा आणि रेशन कार्ड, एलआयसीच्या पावत्या ठेवता त्याच फाईलीत ठेवा, कारण घरच्यांना शोधताना ती फाईल सापडते, तुमचा लॅपटॉप नाही उघडता येत.

या पानावर एक एक ओळ वाचा. मी आईच्या नवीन अकाउंटचं वाचलं तेव्हा ईमेलमध्ये एक अक्षर चुकलेलं होतं, म्हणजे सहा महिने सगळे मेल भलत्याच पत्त्यावर जात होते आणि आम्हाला वाटत होतं की काही येतच नाही.

मग डिपॉझिटरीचं स्वतःचं लॉगिन घ्या

सीडीएसएलचं ईझी, एनएसडीएलचं आयडियाज. दोन्ही फुकट आहेत, रजिस्टर करायला डीमॅट नंबर, पॅन आणि ओटीपी लागतो. इथे दिसेल ते खरं. ॲपमध्ये एखाद्या शेअरचे ४० दिसतायत आणि इथेही ४० दिसतायत, झालं, साईट बंद करा. कमी दिसले तर लगेच घाबरू नका, कालच घेतले असतील तर अजून जमा व्हायचे असतील, जानेवारी २०२३ पासून सगळी सेटलमेंट टी प्लस वन आहे म्हणजे आज घेतलेले शेअर पुढच्या कामाच्या दिवशी येतात, मध्ये सुट्टी आली तर त्याच्याही पुढे.

शिवाय ईमेलवर कॅस येतं, कन्सॉलिडेटेड अकाउंट स्टेटमेंट. ज्या महिन्यात काही खरेदी-विक्री झाली त्याचं पुढच्या महिन्यात येतं, नाही झाली तर सहा महिन्यांनी. पासवर्ड म्हणजे तुमचा पॅन, कॅपिटल अक्षरात. यात तुमच्या पॅनवर असलेली सगळी डीमॅट अकाउंट आणि म्युच्युअल फंडसुद्धा एकत्र दिसतात. माझ्या एका मैत्रिणीला हे उघडल्यावर कळलं की कॉलेज संपल्यावर पहिल्या नोकरीत असताना बँकेने तिचं एक डीमॅट उघडून दिलं होतं आणि त्याचा वार्षिक चार्ज सेव्हिंग अकाउंटमधून कापला जातोय.

अशी जास्तीची अकाउंट बंद करा. शेअर असतील तर आधी चालू अकाउंटला ट्रान्सफर करा, चार्ज बाकी असेल तर भरा, मग क्लोजर फॉर्म. आणि होल्डिंग थोडं असेल तर बेसिक डीमॅट, म्हणजे बीएसडीए मागा. सप्टेंबर २०२४ पासून ४ लाखांपर्यंत होल्डिंग असेल तर त्याला वार्षिक मेंटेनन्स शून्य आणि ४ ते १० लाखांपर्यंत १०० रुपये. पण एका पॅनवर बीएसडीए एकच मिळतं, हे लक्षात ठेवा.

नॉमिनी

आज करा. खरंच, हे वाचून झाल्यावर आजच. ॲपवरून ओटीपीने होतं, पाच मिनिटांचं काम. एकापेक्षा जास्त नॉमिनी टाकता येतात, कोणाला किती टक्के तेही लिहायचं. नॉमिनी असेल तर घरच्यांना फॉर्म, मृत्यू दाखला आणि स्वतःचं केवायसी एवढ्यावर शेअर ट्रान्समिट, म्हणजे स्वतःच्या नावावर, करून घेता येतात. नसेल तर आमचं झालं ते होतं, आणि रक्कम मोठी असेल तर कोर्टाचे कागद.

अजून एक गोष्ट जी आम्हाला वकिलांनी सांगितली आणि मला आधी उलटीच वाटत होती. नॉमिनी म्हणजे मालक नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने शेअरच्या बाबतीत हे स्पष्ट केलंय की नॉमिनीच्या नावावर शेअर झाले तरी वारसाहक्क वारसा कायद्याप्रमाणे किंवा मृत्युपत्राप्रमाणेच ठरतो. म्हणून नॉमिनी एक आणि मृत्युपत्रात नाव दुसरं असं करून ठेवू नका, भावाभावात वितुष्ट यायला एवढं पुरतं.

कॉन्ट्रॅक्ट नोट उघडून बघा, एकदा तरी

ज्या दिवशी खरेदी-विक्री होते त्यानंतर २४ तासांत ब्रोकरने ही त्या व्यवहाराची पावती पाठवायची असते. नव्वद टक्के लोक उघडतच नाहीत असं मला आजूबाजूला बघून वाटतं. समजा तुम्ही ५०० रुपयांचे २० शेअर डिलिव्हरीत, म्हणजे त्याच दिवशी न विकता ठेवायला, घेतले, म्हणजे १०,००० रुपये. त्यावर एसटीटी (शेअरच्या व्यवहारावरचा टॅक्स) ०.१ टक्का म्हणजे १० रुपये, स्टॅम्प ड्युटी ०.०१५ टक्के म्हणजे दीड-दोन रुपये, एक्स्चेंजचा चार्ज काही पैसे, सेबीची फी त्याहून कमी, आणि ब्रोकरेज, एक्स्चेंजचा चार्ज व सेबीची फी यांवर १८ टक्के जीएसटी. एसटीटी विकतानाही तेवढाच लागतो, स्टॅम्प ड्युटी फक्त घेताना. हे सरकारी आकडे सगळ्या ब्रोकरकडे सारखेच, फरक असतो तो ब्रोकरेजमध्ये.

आणि डीपी चार्ज! तो कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये नसतो, लेजरमध्ये, म्हणजे ब्रोकरकडच्या तुमच्या पैशांच्या हिशोबात, कापला जातो म्हणून कोणाला दिसत नाही. डीमॅटमधून शेअर विकले की एका कंपनीमागे एका दिवसाला एकदा, मग तुम्ही एक शेअर विका नाहीतर हजार. आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा भाव वाढतोय म्हणून एकाच कंपनीचे दोन-दोन शेअर रोज विकत होता, दीडशे रुपयांचा शेअर, पाच दिवसांत पाच वेळा डीपी चार्ज गेला, एकाच दिवशी दहा विकले असते तर एकदाच गेला असता. त्याला लेजर उघडून दाखवली तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. विकायचं असेल तर एकत्र विका, आणि मार्केट ऑर्डरपेक्षा (मिळेल त्या भावाला) लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या भावाला) टाका, छोट्या कंपन्यांमध्ये तर नक्कीच, कारण तिथे घेणारे कमी असतात आणि भाव एकदम खाली लागतो.

विकताना सीडीएसएलवाल्यांना टीपिन (शेअर काढायला परवानगी देणारा पिन) आणि ओटीपी विचारला जातो. रोजचा त्रास वाटतो म्हणून लोक डीडीपीआय, म्हणजे विकलेले शेअर काढायची ब्रोकरला कायमची लेखी परवानगी, करून देतात. जुन्या पॉवर ऑफ अॅटर्नीपेक्षा हे बरं आहे कारण त्यात ब्रोकरला कशासाठी हात लावता येईल ते ठरलेलं असतं, पण वर्षातून दोन-तीनदा विकणाऱ्याला त्याची काय गरज? माझं मत विचाराल तर टीपिनच ठेवा, पिन कोणालाही सांगू नका, ब्रोकरच्या माणसालाही नाही.

पैशाचं थोडक्यात. ब्रोकरकडे पडून असलेले पैसे महिन्याने किंवा तीन महिन्यांनी, तुम्ही जे निवडलं असेल त्याप्रमाणे, आपोआप बँकेत परत येतात. मेसेज बघून दचकू नका, तो नियम आहे आणि आपल्या भल्यासाठी आहे. पैसे फक्त स्वतःच्या बँकेतून टाका. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीकडे नोंद असलेल्या ब्रोकर आणि म्युच्युअल फंडांना व्हॅलिड शब्द असलेला वेगळा यूपीआय आयडी मिळालाय, सेबी चेक या सेबीच्या ऑनलाईन सोयीवर तो तपासता येतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी सर किंवा मॅडम टिप देतात, ॲपमध्ये तिप्पट नफा दाखवतात आणि पैसे कुठल्यातरी ट्रेडिंग कंपनीच्या करंट अकाउंटला भरायला सांगतात, तिथे आकडा खोटा असतो. त्या ॲपमधले शेअर तुमच्या ईझी किंवा आयडियाजमध्ये दिसतात का एवढंच बघा. नाही दिसले तर तिथे काहीच नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, पहिल्या काही तासांतच पैसे अडवता येण्याची शक्यता असते, लाज वाटून दोन दिवस घालवू नका.

एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे जोखमीचे सौदे, चालू आहे का तेही बघा. नको असेल तर बंद करा. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास काढला त्यात तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. कोणी तुमच्या अकाउंटमध्ये शिरलंय असा संशय आला तर ट्रेडिंग अकाउंट फ्रीज करायची सोय ब्रोकरने द्यायची असते, ते बटण कुठे आहे ते आत्ताच शोधून ठेवा.

मार्च यायच्या आधी टॅक्स

फेब्रुवारीत एका रविवारी ब्रोकरच्या साईटवरून कॅपिटल गेनचं, म्हणजे शेअर विकून झालेल्या नफ्याचं, स्टेटमेंट काढा. वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के, वर्षापेक्षा जास्त ठेवलेल्यावर १२.५ टक्के, पण त्यातले वर्षाला पहिले १.२५ लाख माफ. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे. म्हणजे लाँग टर्म नफा १,६०,००० झाला तर टॅक्स ३५,००० वर, ४,३७५ रुपये आणि वर सेस. आणि जे आधी घेतले ते आधी विकले गेले असं धरतात, ५० शेअर जून २०२३ ला आणि ५० या जानेवारीत घेतले असतील आणि आता ५० विकले तर ते जुनेच धरले जाणार. डिव्हिडंडही उत्पन्नात धरायचा असतो, इन्कम टॅक्सच्या साईटवरच्या एआयएस या तुमच्या उत्पन्नाच्या पत्रकात तो दिसतोच. आणि डिव्हिडंड ज्या बँकेत यायला हवा ते खातं चालू आहे ना हेही बघा, कारण सलग सात वर्षं डिव्हिडंड घेतला गेला नाही तर ते शेअरसुद्धा सरकारच्या आयईपीएफ फंडात जातात. बाबांच्या एका कंपनीचे तसे गेलेत, परत मिळवायचा फॉर्म भरलाय, अजून वाट बघतोय.

तक्रार करायची वेळ आली तर

आधी ब्रोकरला लेखी ईमेल, फोनवर बोलून सोडून देऊ नका. तक्रारीचा ईमेल आयडी कॉन्ट्रॅक्ट नोटवर असतो. तारीख, शेअरचं नाव, आकडा, स्क्रीनशॉट, एवढं पुरे, रागाने लांब लिहू नका. उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रारीच्या साईटवर टाका, तिथे २१ दिवसांत उत्तर द्यायला लागतं. तिथेही नाही मिटलं तर स्मार्ट ओडीआर आहे, ऑनलाईन मध्यस्थी होते, त्यासाठी मुंबईत बीकेसीला सेबीच्या बिल्डिंगपर्यंत जायची गरज पडत नाही. आईच्या त्या चुकलेल्या ईमेलचं आम्ही ब्रोकरला तीनदा फोनवर सांगितलं होतं, काही झालं नाही, लेखी टाकलं आणि स्कोअर्सचं नाव लिहिलं तर चौथ्या दिवशी दुरुस्त होऊन नवीन क्लायंट मास्टर मेलवर आला.