लाईट गेली की गाडीवर घर कसं चालवायचं

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. दापोलीहून हर्णैकडे उतरताना आमची वाडी लागते. तिथे त्यानंतर २६ दिवस लाईट नव्हती. इन्व्हर्टरने पहिल्याच रात्री मान टाकली. आईचं इन्सुलिन मी ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यात ठेवून दिवस काढले.

म्हणून २०२३च्या शेवटी वीजगाडी घ्यायला गेलो तेव्हा माझा प्रश्न ठरलेला होता. विकणारा पोरगा रेंज, सनरूफ, मोठा स्क्रीन असं सांगत सुटला होता. त्याला मध्येच थांबवून म्हटलं, "हिच्यावर फ्रीज चालेल का?" तो आत जाऊन कुणाला तरी विचारून आला आणि म्हणाला, "हो काका, चालेल म्हणतात."

मला यात एक गंमत वाटते. २०२४ साली देशात विकल्या गेलेल्या मोटारींत वीजगाड्या शंभरात दोन-तीनच होत्या. मागणी वाढावी म्हणून सरकारने समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर त्यांना टोल माफ केला. छान झालं, पण दापोलीच्या माणसाला त्याचं काय? आमच्याकडे ही गाडी खपायची तर फ्रीजवर खपेल. जपानात २०११च्या भूकंपानंतर निसानला हे कळलं होतं. २०१२मध्येच त्यांनी लीफ गाडीतून घराला वीज देणारं यंत्र बाजारात आणलं.

माझी ३१ वर्षं एसटीच्या वर्कशॉपात बसच्या वायरिंगमध्ये गेली, त्यामुळे पावसाळ्यात लोक मला विचारायला येतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो.

आधी गाडीत 'व्ही टू एल' म्हणजे बाहेर वीज देण्याची सोय आहे का ते बघा. माझी टाटाची वीजेवरची नेक्सॉन सप्टेंबर २०२३मध्ये निघालेल्या नव्या मॉडेलची, मोठ्या बॅटरीची. त्याआधीच्या नेक्सॉनमध्ये ही सोय नाही. माझी गाडी ३.३ केव्हीएपर्यंत (घरापुरतं ढोबळमानाने किलोवॅटच समजा) वीज देते. ह्युंदाईची आयोनिक ५ देते ३.६ किलोवॅट. चार्जिंगच्या तोंडात बसणारा अ‍ॅडॅप्टर गाडीच्या कंपनीचाच घ्या आणि वॉरंटीच्या अटी वाचा. सोय नसेल तर विषय तिथेच सोडा. मोठी बॅटरी उघडून त्यातून वायर काढायची अक्कल कुणी शिकवली तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. बसच्या २४ व्होल्टवर पाना पडला तर नुसता जाळ होतो. इथे तीनशेच्या वर व्होल्ट डीसी असतो.

दुसरा नेहमीचा प्रश्न: पेट्रोल गाडीची जुनी बारा व्होल्टची बॅटरी इन्व्हर्टरला चालेल का? दोन-चार दिवस चालेल. स्टार्टर फिरवायला क्षणभर भरपूर करंट लागतो, म्हणून त्या बॅटरीच्या प्लेटी पातळ असतात. तिला रोज रिकामी केली की ती मरते. इन्व्हर्टरला जाड प्लेटीची ट्यूब्युलरच हवी.

आता हिशोब. किलोवॅट-तास म्हणजे लाईट बिलावरचं एक युनिट, एवढं डोक्यात ठेवा. माझ्या गाडीत ४०.५ युनिटं मावतात. दवाखान्यापर्यंत जाऊन यायला पाव भाग राखून ठेवला तरी तीसेक उरतात. घरातली १५० एएचची इन्व्हर्टर बॅटरी कागदावर १.८ युनिटांची, हाताशी येतं एक-सव्वा. म्हणजे खळ्यात अशा पंचवीस-तीस बॅटऱ्या उभ्या आहेत.

गेल्या जूनमध्ये आंब्याची फांदी तारांवर पडली आणि तीन दिवस लाईट नव्हती. सुरुवातीला गाडी ८८ टक्के होती, लाईट आली तेव्हा ६१. तेवढ्या अकरा युनिटांत फ्रीज, दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, दिवे, राउटर, मिक्सर आणि रोज पाणी चढवणं, सगळं भागलं. शिवाय वाडीतले सात-आठ मोबाइल. गीझर आणि इंडक्शन शेगडी मात्र बंद. एकेकटी चालेलही, पण दोन्ही मिळून ३.३ केव्हीएच्या पलीकडे जातात, आणि आंघोळीसाठी चूल आहे की.

खरी मेख जोडणीत आहे.

सगळ्यात आधी काय करायचं नाही ते. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून गाडीची वीज भिंतीतल्या सॉकेटमध्ये घुसवायची नाही. ती मीटरमधून उलटी खांबावर जाते, डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, तिचा व्होल्टेज उलट चढतो, आणि लाईन बंद आहे अशा समजुतीने वर चढलेला लाइनमन त्याच तारेला हात घालतो. "मी मेन स्विच पाडतो ना" असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: अंधारात, पावसात, रोज, न विसरता?

अख्खं घर गाडीवर घ्यायचं असेल तर परवानाधारक माणसाकडून चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी खांबावर किंवा गाडीवर, एकावरच टाकणारा) बसवून घ्या, तोही फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परत नेणारी) दोन्ही तोडणारा. मी ते केलं नाही. घरात इन्व्हर्टर होताच, त्याचाच उपयोग केला. त्याची पिन भिंतीतून काढायची आणि गाडीकडून आलेल्या बोर्डात घालायची. इन्व्हर्टरला वाटतं लाईट आली. तो पंखे-दिवे त्या विजेवर टाकतो आणि आपली बॅटरीही भरून घेतो. त्याच बोर्डाच्या दुसऱ्या सॉकेटवर फ्रीज.

पहिल्या दिवशी पिन घातली आणि दोन सेकंदांत गाडीने वीज तोडली. पुन्हा घातली, पुन्हा तेच. अर्धा तास अ‍ॅडॅप्टरवर संशय घेत बसलो. शेवटी आमच्या वायरमनने इन्व्हर्टरमागची पेटी उघडली आणि हसायलाच लागला. इन्व्हर्टर बसवताना फेज तेवढी त्यातून फिरवली होती. न्यूट्रल सगळ्या घराचा एकच, म्हणजे थेट खांबावरचा. गाडीची वीज एका वायरने येऊन परत जाताना भलत्याच वाटेने निघाली होती. जुन्या घरांत हे सर्रास असतं, कारण त्यात एक वायर वाचते.

तुमच्याकडे काय आहे ते असं बघा. इन्व्हर्टरची बॅटरी भरलेली असताना त्याची पिन भिंतीतून पूर्ण उपसा. नुसतं बटण बंद करू नका, त्याने फेजच तुटते. इन्व्हर्टरवरचे दिवे विझले तर न्यूट्रल सामायिक आहे. चालू राहिले तरी एकदा वायरमनकडून खात्री करून घ्या. आमच्याकडे त्याने इन्व्हर्टरवरच्या सर्किटांना वेगळा न्यूट्रल ओढला. अर्ध्या दिवसाचं काम, पण हे झाल्याशिवाय पिन गाडीकडे न्यायची नाही.

गाडीपासून बोर्डापर्यंत मी तीन कोअरची अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली आहे, बारा मीटर. तिसरी कोअर अर्थिंगची, ती वगळू नका. बोर्डात १६ अँपियरचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा). केबल पूर्ण उलगडून टाका. गुंडाळी तशीच ठेवून लोड घेतला की आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही. मंडपवाल्यांच्या अशा वितळलेल्या गुंडाळ्या मी पाहिल्यात. गाडी पत्र्याखाली, बोर्ड पडवीत उंचावर.

पंपाने मला चांगला धडा दिला. विहिरीवर एक एचपीची मोटार आहे. चालू झाल्यावर ती काही फार वीज खात नाही, पण सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते. बटण दाबलं, मोटार 'हूं' म्हणाली आणि गाडीने वीज तोडली. फ्रीज बंद करून पाहिलं, तरी तेच. मग सुचलं की लाईट जाते ती पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात विहीर काठोकाठ असते. कळशी वाकून भरता येते. तेवढ्यासाठी अर्ध्या एचपीचा पंप पुरतो. तो सकाळी बाकी सगळं बंद करून वीस मिनिटं चालवतो.

शेवटची गोष्ट पुस्तिकेत ठळक लिहिलेली नसते. वीज देत असताना गाडीची स्वतःची यंत्रणाही जागी राहते आणि तिचं खाणं वेगळं. रात्रभर एका पंख्यासाठी गाडी जागी ठेवणं म्हणजे एका प्रवाशासाठी एसटी सोडणं. म्हणून मी गाडी सकाळी तीन तास आणि संध्याकाळी चार तास लावतो. तेवढ्यात इन्व्हर्टर भरतो, फ्रीज गार होतो. मधल्या वेळात आणि रात्री पंखे-दिवे इन्व्हर्टरवर. फ्रीजचं दार उघडायला मात्र बायकोची परवानगी लागते.

दर वर्षी मेच्या शेवटच्या रविवारी मी मेन पाडून दोन तास सगळं चालवून बघतो. यंदा हिने एकटीने केलं. भिंतीतल्या सॉकेटवर आणि इन्व्हर्टरच्या पिनेवर मी लाल ऑइलपेंटचा ठिपका दिलाय, कारण तिथे सारख्या दिसणाऱ्या तीन पिना आहेत आणि गेल्या वर्षी तिने टीव्हीची उपसली होती.